अण्णांचा काळ्या मुठीचा सुरा

सुमंत नवी मारुती घेऊन येणार हे काशीनाथला दोन दिवस आधी कळलं होतं, आणि ती मारुती बनारसच्या मंगला गौरीच्या गल्लीत शिरणार नाही, याचा आनंद त्याने दोन दिवस पुरवून पुरवून घेतला होता. गाडी ठेवायची मैदागिनच्या चौकात, आणि तिथून पुढे साहेबांनी आणि मेमसाहेबांनी सांडांना वाट देत, शेण चुकवत पायी यायचं. युनिव्हर्सिटीत रीडर झालेल्या धाकट्या भावाला वर्षातून एकदा तरी ही गल्ली तुडवावी लागते, म्हणून काशीनाथला सगळ्या सणांत खंडेनवमी जास्त आवडायची. तसं तो कोणाला बोलला नव्हता. अशा गोष्टी बोलायच्या नसतात, मनातल्या मनात चघळायच्या असतात.

पण भावजय तेजश्री आली ती हसत, पदराला डाग न लागू देता. "केवढी रौनक असते हो दादा तुमच्या मोहल्ल्यात! आमच्या कॅम्पसात नुसता शुकशुकाट," असं म्हणून तिने मिठाईचा डबा त्याच्या बायकोच्या, शरदिनीच्या हातात दिला, आणि काशीनाथच्या सणाचा निम्मा विरस तिथेच झाला.

"गाडी मैदागिनला लावलीस?" त्याने सुमंतला विचारलं.

"छे! इथेच, गल्लीच्या तोंडाशी मिश्राजींच्या अहात्यात. त्यांनी स्वतः येऊन फाटक उघडलं."

फाटक उघडलं. तेही स्वतः! काशीनाथने पानाचा डबा पुढे ओढला आणि सुपारी कातरायला घेतली.

बैठकीच्या खोलीत चौरंग मांडून झाला होता. त्यावर त्याचा रेल्वे कारखान्यातल्या नोकरीतला पाना-पेचकस, शरदिनीची शिवणाची कात्री, घरची विळी, आणि सगळ्यांच्या पुढे, मानाच्या जागी, वडिलांचा काळ्या मुठीचा शिकारी सुरा. सकाळीच चिंच आणि राख लावून घासलेला. सुमंतने पिशवीतून आपला सुरा काढला, सांबरशिंगाच्या मुठीचा, पात्यावर वाघ कोरलेला, आणि काळ्याच्या शेजारी ठेवला. ठेवला म्हणजे काय, मांडला. कॅम्पसात राहायला गेल्यापासून बारा-तेरा वर्षांत त्याने तो पूजेला आणला नव्हता. यंदा आणला होता, कारण यंदा सुश्रुत आला होता.

यज्ञेश्वर आठल्ये, म्हणजे या सगळ्यांचे अण्णा, मिर्झापूरला जंगल खात्यात हेडक्लार्क होते. साहेबांच्या आणि राजेरजवाड्यांच्या शिकारीचा बंदोबस्त तीस वर्षं त्यांनी केला. तंबू, हत्ती, हाकेवाले, सोड्याच्या बाटल्या, सगळं. स्वतः अंड्याला शिवले नाहीत. निवृत्त होऊन बनारसला थोरल्याकडे राहायला आले तेव्हा त्यांच्याजवळ संधिवात आणि भेट मिळालेले दोन सुरे होते. वाघाचा सुरा त्यांनी सुमंत एम.एस्सी.ला पहिला आला तेव्हा चार पाहुण्यांसमोर त्याच्या हातावर ठेवला. काळा, बिनवाघाचा सुरा आठवड्याने शरदिनीने काशीनाथला आणून दिला. "अण्णांनी दिलाय. तुमच्यासाठी." त्याला सव्वीस वर्षं झाली. अण्णांना जाऊन बारा झाली. पण तो कोरलेला वाघ काशीनाथच्या पोटात अजून बसून होता.

सुश्रुत हा त्यांच्या मधल्या बहिणीचा, जबलपूरच्या लीलाचा मुलगा. कलकत्त्याच्या एका लिलाव कंपनीत तो जुन्या हत्यारांचा जाणकार होता. कोणता सुरा कोणत्या कारखान्याचा, कोणता बनवायचा बंद झाला, आज कोण त्याला काय मोल देईल, हे सांगायचा त्याला पगार मिळायचा. लीलाला या मुलाचं किती सांगू आणि किती नको असं झालं होतं.

"मला मेलीला अण्णांनी पाच खणांचा स्टीलचा डबा दिला," ती दर भेटीप्रमाणे आजही पहिल्या तासातच म्हणाली. "मुलीच्या जातीला हत्यार कशाला! आता बघा, हत्याराची पारख माझ्याच पोटच्या पोराला."

"ताई, डबा आणायचास. सुश्रुतनं त्याचीही किंमत सांगितली असती," सुमंत म्हणाला, आणि तेजश्री हसली. काशीनाथला हसायचं नव्हतं, पण तोही हसला. लीलाला चिडवायचं असलं की दोघे भाऊ एक व्हायचे. तेवढ्यापुरतेच.

"गंध-फूल वाहण्याआधी बघून घेतो, मामा," सुश्रुत म्हणाला. "बाद में हळदकुंकू बसलं की काही दिसायचं नाही."

वीज गेलेली होती. म्हणून सगळे गच्चीकडच्या सज्जात, उजेडात आले. खाली गल्लीतून बंगाल्यांच्या पूजेचे ढाक वाजत चालले होते. सुश्रुतने भिंग काढलं, माप घ्यायचा काटा काढला, जुन्या कॅटलॉगांच्या झेरॉक्स प्रतींची जाडजूड फाइल मांडीवर घेतली. काशीनाथ कठड्याला टेकून उभा राहिला. पैशाशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. पेन्शन होती, मुली आपापल्या घरी होत्या. त्याला एवढंच ऐकायचं होतं, की अण्णांनी चांगला कोणाला दिला. उत्तर त्याला पाठ होतं. तरीही माणूस पाठ असलेलं उत्तर पुन्हा ऐकायला उभा राहतो, कारण आशा नावाची वस्तू निवृत्त होत नाही.

सुश्रुतने आधी वाघाचा सुरा घेतला. तोलून पाहिला, मुठीजवळच्या आडव्या पट्टीवर नख मारलं, पातं उलटसुलट केलं. सगळं मिळून दोन मिनिटं. सुमंतला ती दोन मिनिटं खटकली. इतक्या वर्षांत त्याच्या दिवाणखान्यात जो जो आला, त्याला त्याने काचेच्या कपाटातला हा सुरा दाखवला होता, आणि दाखवताना एक वाक्य हमखास म्हटलं होतं: वडिलांनी थोरल्याला सोडून मला दिला.

"सुमंतमामा, बुरा मत मानिएगा," सुश्रुत म्हणाला. "हा टूरिस्ट माल आहे. पन्नास-पंचावन्न सालचा. मोठ्या हॉटेलांच्या दुकानांतून असे विकायचे."

"टूरिस्ट? अरे, त्यावर लिहिलंय ना विलायतेतलं शेफील्ड म्हणून!"

"शेफील्ड स्टील लिहिलंय. बनवणाऱ्याचं नाव कुठे आहे? खरा कारखाना आधी आपलं नाव घालतो. ही पट्टी पितळेची नाही, ॲल्युमिनियम आहे, वरून मुलामा. आणि हा वाघ साच्यातला. ऐसे सैकडों मी पाहिलेत. दीड हजार, शिंग चांगलं आहे म्हणून."

तेजश्रीने नवऱ्याकडे पाहिलं नाही. सज्जाबाहेर, समोरच्या गच्चीवरल्या माकडांकडे पाहिलं. सुमंतला ते जास्त लागलं. त्याला वाटलं, घरी गेल्यावर ते काचेचं कपाट आता कशाने भरायचं?

मग सुश्रुतने काळा सुरा घेतला, आणि बोलायचा थांबला. मूठ म्हशीच्या शिंगाची, तीन पितळी खिळ्यांनी जोडलेली. त्याने त्या खिळ्यांमधलं अंतर मोजलं. पहिल्या दोघांत कमी, तिसरा लांब. पात्याच्या बुडाशी नखाएवढी खाच होती, ती मोजली. फाइल उलगडून एक प्रत काढली, सुऱ्याशेजारी धरली, परत मोजलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली.

"काशीमामा, हा अण्णांकडे कुठून आला?"

"इंग्रज साहेब होता जंगलातला. सत्तेचाळीसला जाताना देऊन गेला. का रे?"

"हा 'फॉरेस्टर' आहे. विटकोम्ब कारखान्याचा, दोन नंबरचा नमुना. खिळे असे विषम अंतरावर फक्त यालाच. हाताला घाम आला तरी मूठ फिरू नये म्हणून. बनवायला महाग पडायचा, सात वर्षांत बंद केला. पुढच्या सगळ्या नमुन्यांत खिळे सारख्या अंतरावर आहेत आणि ही खाच नाही." त्याचा आवाज चढला होता. "मामा, मी हा आजवर फोटोतच पाहिलाय. तुमच्याकडे घरात पडून आहे!"

 काशीनाथने कठड्यावरचा हात काढला, परत ठेवला. मग भावाकडे पाहिलं. एकोणसाठ वर्षांच्या माणसाचा चेहरा असा उजळलेला सुमंतने कधी पाहिला नव्हता, आणि तो त्याला बघवेना. मोटार, रीडरशिप, कॅम्पसातलं घर, हे सगळं या क्षणी कोणी मागितलं असतं तर तो एक चेहरा विझवण्यासाठी त्याने देऊन टाकलं असतं. असं आपल्याला वाटतंय हे कळून त्याला स्वतःची लाज वाटली, पण जळणं काही थांबलं नाही.

"म्हणजे चांगला दादाला दिला अण्णांनी!" लीला म्हणाली. ती एव्हाना काशीनाथच्या बाजूला सरकून उभी राहिली होती. "मी म्हणतच होते. अण्णांचा जीव थोरल्यावर."

"तू कधी म्हणत होतीस?" सुमंत म्हणाला. मग सुश्रुतकडे वळला. भाचा मघापासून भिंग पुन्हा पुन्हा एकाच जागी नेत होता, हे त्याच्या नजरेतून सुटलं नव्हतं. "आणि याच्यावर आहे का रे बनवणाऱ्याचं नाव?"

सुश्रुत अवघडला. "तेच शोधतोय. पात्याच्या बुडाशी, इथे असायला पाहिजे. नाव आणि नंबर. ठोकलेलं नसतं ते, तेजाबानं कोरलेलं असतं, अगदी उथळ. इथे एक रेघ दिसते फक्त."

"मग बाकीचं कुठे गेलं?"

"घासलं गेलं. बरसों से कोणीतरी खूप घासलंय, मामा."

सगळ्यांच्या माना एकदमच वळल्या. दारात शरदिनी उभी होती, बोटं अजून चिंचेने पिवळसर.

"किती फरक पडतो?" सुमंतने अगदी हळू विचारलं.

"नाव असतं तर साठ हजारांच्या खाली मी बोललो नसतो. आता... मला ठाऊक आहे हा काय आहे, पण घेणारा कागदावर काय लिहिणार? चार हजार. कदाचित पाच."

शरदिनीला आकडे नीट ऐकूच आले नाहीत. तिला नवऱ्याचा चेहरा दिसत होता. तो तिला तेहतीस वर्षांच्या संसारात पाठ झाला होता, आणि आता काय होणार हे तिला त्याच्याआधी कळलं.

"कोणी सांगितलं होतं तुला एवढं घासायला?" काशीनाथ म्हणाला. "हात शिवशिवत होते? भांडं होतं का ते? एक गोष्ट माझ्या बापानं मला आयुष्यात धड दिली, ती तू राखेनं पुसून टाकलीस!"

"जाऊ दे रे दादा," सुमंत म्हणाला. "वहिनींना बिचाऱ्यांना काय कल्पना." आवाज इतका मऊ होता की त्यातलं समाधान फक्त शरदिनीलाच ऐकू आलं.

"शरूला घासायचा नादच फार," लीला म्हणाली. तिला तसं वाईट म्हणायचं नव्हतं, पण भावाच्या बाजूला उभी राहिलीच होती तर भावाच्या बाजूने बोलली. "माझ्या लग्नातली चांदीची वाटी पण हिनं अशीच..."

"आम्ही तर बाई हातच लावला नाही कधी," तेजश्री म्हणाली. "म्हणून निदान आहे तसा तरी राहिला."

या वाक्याने मात्र हद्द झाली. नवऱ्याचं बोलणं शरदिनीने गिळलं असतं, नेहमी गिळायचीच. नणंदेचंही. पण बारा वर्षं कपाटात सुरा कोंडून ठेवणाऱ्या जावेने, जिने एकदाही अण्णांच्या श्राद्धाला पोळपाट हातात धरला नाही, तिने आपल्याला जपणं शिकवावं?

"चिंच मी लावायची," ती काशीनाथला म्हणाली. "पण विटकरीची पूड कोण आणून द्यायचं? भाऊजींचा वाघ इथे पूजेला यायचा तेव्हा? 'आपल्याला वाघ नाही, तर पातं तरी असं दिसू दे की त्यांच्याकडे कोणाची नजर जाणार नाही.' तुम्ही म्हणायचात. दोन-दोनदा परत पाठवायचात मला मोरीत, अजून चमक नाही म्हणून."

सुमंतने ते ऐकलं आणि मान खाली घातली. काशीनाथ लालबुंद झाला.

"म्हणेन! शंभरदा म्हणेन! माझी वस्तू होती. अण्णांनी मला दिलेली!"

"तुम्हाला नाही दिलेली."

"काय?"

"मला दिलेली," शरदिनी म्हणाली.

ढाक लांब गेले होते.  थांबावं, इथेच थांबावं, असं तिच्या मनात आलं, पण इतक्या वर्षांचं तुंबलेलं पाणी थांबा म्हटल्याने थांबत नाही.

"मला दिला त्यांनी, माझ्या हातात. म्हणाले, काशीला माझ्या जंगलाचा वीट आहे. सुमंत विकून टाकेल. तू ठेव. वर्षातून एकदा काढ, गंज चढू देऊ नकोस."

"विकून टाकेल?" सुमंत म्हणाला. "असं म्हणाले अण्णा?"

"हो, भाऊजी."

"मग तू... 'तुमच्यासाठी दिलाय' म्हणून मला का आणून दिलास?" काशीनाथचा आवाज एकदम बारीक झाला होता.

ते सांगायचं नव्हतं. ते कधीच सांगायचं नव्हतं. "त्यांनीच तसं सांगायला लावलं," ती म्हणाली. "म्हणाले, काशीला सांग, त्याच्यासाठी दिलाय. लहानपणापासून त्याला वाटतं मी सुमंतचाच. एवढं तरी त्याला राहू दे."

सांगून झालं आणि तिला कळलं, की सुऱ्यावरचं नाव सव्वीस वर्षांत गेलं होतं, आणि हे तिने एका दमात घालवलं.

सगळ्यांत आधी सुमंतला हायसं वाटलं, हे खरं आहे. विकून टाकेल हे लागलं, खोल लागलं, पण चांगला सुरा दादाला दिला नव्हता, हे त्यावर पुरेसं औषध होतं. मग तेजश्री पूजेला उशीर होतोय म्हणाली, आणि सगळे आत आले. काशीनाथ चौरंगापुढे बसला. पाना, पेचकस, कात्री, विळी, वाघाचा सुरा, सगळ्यांना त्याने गंध लावलं. काळ्या सुऱ्यापाशी बोट थांबलं. मग त्यालाही लावलं. आरतीत लीलाचाच आवाज मोठा होता, कारण बाकीचे कोणी म्हणत नव्हते.

पानं वाढली तेव्हा काशीनाथ पाटावर बसलाच नाही. "तुम्ही सुरू करा, आलोच," असं म्हणून तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. सोवळ्यातल्या स्वयंपाकात यायचा त्याचा रिवाज नव्हता. शरदिनी पुरणपोळी लाटत होती. तिने वर पाहिलं नाही.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "चारचौघांत बोलायला नको होतं."

 त्याने विचारलं, "अण्णा बोलायचे तुझ्याशी?"

"बोलायचे."

"कधी?"

"तुम्ही कारखान्यात गेलात की. मी निवडत बसायची, ते समोर पाट घेऊन बसायचे."

"रोज?"

"चौदा वर्षं."

"मला विचारायचे, पेन्शन आणलीस का. दवा आणलीस का," काशीनाथ म्हणाला. "एवढंच. मला वाटायचं, त्यांना बोलायचं नसतंच कोणाशी."

"तुम्ही लोकांना सांगायचात, वडील तहसिलीत होते म्हणून, जंगल खात्यात नाही. त्यांना ते ठाऊक होतं."

बाहेर तेजश्री कशाला तरी हसली. लीला सुश्रुतला अजून एक पोळी घे म्हणून आग्रह करत होती. काशीनाथ दाराच्या चौकटीला धरून खाली बसला, जमिनीवरच, पाट न घेता.

"काय बोलायचे?" त्याने विचारलं. "सांग ना. काहीतरी सांग."

शरदिनीचं लाटणं थांबलं. काय नव्हतं त्यात! लछमी नावाची हत्तीण होती, ती अण्णांच्या खिशातला गूळ काढून घ्यायची. सुरा देणारा साहेब होता, त्याला वाघिणीच्या पिल्लांचं ओरडणं ऐकून बंदूक उचलवेना, आणि तो अण्णांना म्हणाला होता, हे कोणाला सांगू नका. सालाच्या जंगलात पहिल्या रात्री भिऊन रडलेला बावीस वर्षांचा क्लार्क होता. सगळं तिच्याजवळ होतं, आणि आता जगात दुसऱ्या कोणाजवळ नव्हतं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तिला त्याची दया आली, खरोखर आली. आणि त्याचबरोबर तिला दिसलं, की पुढच्या वर्षी याच बैठकीत हा सुमंतसमोर मांडी ठोकून बसलाय आणि सांगतोय, अण्णा मला म्हणायचे.

तिने हात पुसले, बैठकीत गेली, चौरंगावरचा काळा सुरा अक्षतांसकट उचलून आणला आणि त्याच्या पुढ्यात ठेवला.

"हा घ्या," ती म्हणाली. "आता खरंच तुमचा. मी दिला."

"आणि ते?"

"ते नाही," शरदिनी म्हणाली आणि पोळी तव्यावर टाकली. "ते मी कोणाला द्यायची नाही."